तळव्याची शिदोरी

‘चालताना चप्पल पायातून निसटली, तर लगेच कळतं का?’

पोलादपूरच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी समोरच्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी बाजूच्या बाकावर बसलो होतो. गृहस्थ साठीच्या पुढचे, बरीच वर्षे शुगरच्या गोळ्या घेणारे. त्यांनी जरा आठवून पाहिले आणि म्हणाले, ‘नाय कळत. नातू मागून ओरडतो, आबा, चप्पल राहिली.’

डॉक्टरांनी त्यांना पाय वर घ्यायला सांगितले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी करवंदीचा काटा आत मोडून बसला होता. भोवतीची कातडी पांढरी पडली होती आणि खाली पू धरला होता. कधी रुतला, हे त्यांना सांगता येईना. गेल्या आठवड्यात बांधावरची झुडपं तोडायला गेलो होतो, तेव्हाच रुतला असेल म्हणाले. म्हणजे आठवडाभर ते त्या काट्यावर चालत होते आणि एकदाही लंगडले नव्हते. लंगडले असते तर पाय इतका चिघळला नसता. जखमेवर भार पडू नये म्हणून शरीर आपण होऊन पाऊल तिरके टाकते. ते करायला आधी दुखावे लागते.

याच महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वेदनेचे दुसरे टोकही घरोघरी ठाऊक आहे. ते टोक म्हणजे लाल विंचू. जांभ्या दगडाच्या फटी, सरपणाची रास, भाताच्या उडव्या, कौलांखालचे वासे ही त्याची घरे. अंधारात पेंढा उचलायला हात घालावा आणि बोटाला नांगी लागावी, ही इथली जुनी भीती आहे. 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले बघता बघता गार पडतात, घामाने निथळतात, फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येतो आणि दगावतात, हे त्यांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून टिपून ठेवले. त्या लक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचूदंशात जीव वाचवते, हे 1986 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर रुग्णांमध्ये तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर एका टक्क्याच्या आसपास आले. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेली महाडची चाचणीही मोलाची आहे. प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविषही दिलेल्या 35 जणांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती प्राझोसिन मिळालेल्या 35 जणांपैकी तेवढ्या वेळात 8 जण बरे झाले. 2022 मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावात बसून जगाच्या वैद्यकाला शिकवता येते, याचे हे उदाहरण मला फार जवळचे वाटते.

विंचवाचे विष करते काय? नसेच्या आवरणात सोडियमच्या कणांसाठी बारीक दारे असतात. दार उघडले की संदेश निघतो आणि क्षणार्धात ते मिटते. लाल विंचवाचे विष ते दार वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे नस थांबायचे विसरते आणि संदेशामागून संदेश सोडत राहते. वेदनेच्या नसेत हे झाले की माणूस तळमळतो. हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या नसांत झाले की अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो आणि तो जीवावर बेततो.

काटा न कळणारे आबा आणि विंचवाने तळमळणारा माणूस यांच्यामधले सगळे अंतर एकाच जातीच्या पेशींचे आहे. एकाच्या त्या पेशी मुक्या झाल्या आहेत, दुसऱ्याच्या आकांत करताहेत. या पेशी जन्माला येतात कशा, जगतात कशाच्या जोरावर आणि मरतात कशाने, हा प्रश्न विज्ञानाने गेली ऐंशी वर्षे धरून ठेवला आहे. त्यात काय हाती लागले आणि काय निसटले, हे आबांचा पाय डोळ्यांसमोर ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी ही पेशी नीट पाहू. वेदना, ऊन-गार, स्पर्श आणि हातापायांची स्थिती कळवणाऱ्या पेशी मेंदूत नसतात आणि कातडीतही नसतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांमधल्या जागेत, मुगा-वालाएवढ्या गाठी असतात. डॉक्टर त्यांना गँग्लिऑन म्हणतात. पेशीचे मूळ अंग या गाठीत असते. तिथून एक धागा निघतो. त्याची एक शाखा कण्यात शिरते आणि दुसरी पार पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते. मूळ अंगाची रुंदी मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागांएवढी आणि धाग्याची लांबी मीटरभर. पेशीला लिंबाएवढी मानले, तर तिचा धागा किलोमीटरभर लांब निघेल. गावाच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला शेत असावे, तशी तिची मांडणी आहे. मग घराला कसे कळते की शेत अजून आपले आहे?

या प्रश्नाचे उत्तर एका निजण्याच्या खोलीत सुरू झाले. इटलीतल्या तुरिनच्या रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी या तरुण ज्यू डॉक्टरला 1938 च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाले. तिने घरातल्या आपल्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून अवजारे केली, कोंबडीची अंडी मिळवली आणि आतल्या गर्भाचा कोवळा अवयव कापून टाकल्यावर त्याच्याकडे जाणाऱ्या नसांचे काय होते ते पाहू लागली. नसा उगवत होत्या, अवयवाच्या दिशेने जात होत्या आणि अवयव सापडला नाही की मरत होत्या. ‘उगवतच नाहीत’ आणि ‘उगवून मरतात’ या दोन वाक्यांमधला फरक तिने ओळखला आणि पुढचे सगळे शास्त्र त्या फरकावर उभे राहिले.

युद्धानंतर, 1947 मध्ये, व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या बोलावण्यावरून ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. एल्मर बुएकर यांनी 1948 मध्ये उंदराचा एक ट्यूमर कोंबडीच्या गर्भावर लावून पाहिला होता आणि वेदनेच्या नसा त्या ट्यूमरमध्ये घुसलेल्या दिसल्या होत्या. रीटाने तोच धागा पकडला. ट्यूमर काहीतरी स्रवतो आणि नसा त्याकडे धावतात, असे तिला वाटू लागले. ते दाखवायला पेशी काचेत वाढवण्याची सोय हवी होती आणि ती रिओ दी जानेरोला हेर्टा मायर यांच्याकडे होती. 1952 मध्ये ट्यूमर असलेले दोन उंदीर बरोबर घेऊन ती विमानाने ब्राझीलला गेली. काचेत नसांच्या गाठीशेजारी ट्यूमरचा तुकडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गाठीभोवती नसांचे धागे सर्व बाजूंनी फुटलेले दिसले, सूर्याचे किरण काढावेत तसे.

पुढचा भाग आपल्या कोकणाशी एका अनपेक्षित वाटेने जोडला जातो. 1953 मध्ये स्टॅन्ली कोहेन हे रसायनतज्ज्ञ तिच्याबरोबर आले. स्रवणारे द्रव्य प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे ठरवायचे होते. न्यूक्लिक आम्ल तोडणारे विकर सापाच्या विषात असते, म्हणून त्यांनी थोडे विष घातले. कमी व्हायच्या ऐवजी नसांचे धागे आणखी जोमाने फुटले. ट्यूमर काढून नुसते विष ठेवले, तरी तेच. म्हणजे ते द्रव्य सापाच्या विषातच भरपूर होते. 1956 मध्ये हे छापून आले. सापाची विषाची पिशवी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच, या विचाराने कोहेन उंदराच्या लाळग्रंथीकडे वळले आणि नर उंदराच्या ग्रंथीत त्या द्रव्याचे भांडार सापडले. त्या प्रथिनाला नाव मिळाले नसवृद्धी घटक, इंग्रजी आद्याक्षरांनी एनजीएफ. पहिले विष अमेरिकेतल्या सापाचे होते, पण 1976 मध्ये आपल्या नागाच्या विषातूनही एनजीएफ शुद्ध रूपात काढले गेले. महाडच्या भातखाचरांच्या बांधावर उंदरामागे फिरणारा नाग नसांचे अन्न विषात घेऊन फिरतो. 1986 चे नोबेल रीटा आणि कोहेन यांना मिळाले. हॅम्बर्गर यांचे नाव त्यात नव्हते आणि ते मला आजही खटकते, कारण गर्भात नसांच्या पेशी अवयवाच्या मापाने जगतात-मरतात, हा मूळ प्रश्न त्यांचाच होता.

आता हे अन्न मिळते कसे ते पाहू. गर्भात वेदनेच्या पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जन्माला येतात. कोंबडीच्या गर्भात त्यातल्या बऱ्याच ठरावीक दिवसांत मरून जातात, हे हॅम्बर्गर आणि रीटा यांनी 1949 मध्येच दाखवले. आपल्याकडे राबात रोपे दाट पेरतात, खाचराला लागतील तेवढी लावतात आणि उरलेली राबातच पिवळी पडतात. शरीरातही तसेच घडते, फक्त इथे निवड करणारा हात खाचराचाच असतो. कातडी थोडेसे एनजीएफ तयार करते. जी नस तिथे पोचली तिला ते मिळते. जिला मिळाले नाही ती मरते. त्यामुळे जितकी कातडी तितक्या नसा, हा हिशोब कुणी न मोजता जुळतो.

पोचलेल्या नसेच्या टोकावर एनजीएफ पकडणारा एक ग्राहक असतो, त्याचे नाव ट्रक-ए. एनजीएफ त्याला चिकटले की दोघे मिळून धाग्याच्या आत ओढले जातात, एका सूक्ष्म पिशवीत बसतात आणि पेशीच्या आतल्या रुळांवरून मूळ अंगाकडे निघतात. किरणोत्सारी खूण केलेले एनजीएफ उंदराच्या पंजात टोचले आणि ते मणक्याजवळच्या गाठीत पोचलेले सापडले, असे प्रयोग सत्तरच्या दशकात झाले. माणसाच्या तळव्यापासून कमरेपर्यंतच्या या प्रवासाला दिवस मोजावे लागतात. म्हणजे वेदनेची बातमी क्षणात वर जाते आणि नसेची शिदोरी दिवसेंदिवस चालत वर जाते. शिदोरी पोचली की पेशी स्वतःला मारण्याची आतली तयारी थांबवते. ती तयारी प्रत्येक पेशीत कायम असते. शिदोरी बंद झाली की ती जागी होते आणि कॅस्पेझ नावाची प्रथिने पेशीला आतून तोडू लागतात. उपाशी पेशी मरते ती नुसत्या अशक्तपणाने नव्हे, ती ठरवल्यासारखी स्वतःला आवरून घेते. हे जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा मला थांबायला लावते.

सगळ्या संवेदी नसा एकाच अन्नावर जगत नाहीत, हे हळूहळू कळले. 1982 मध्ये ईव्ह-अलेन बार्ड आणि हान्स थोनेन यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून दुसरा घटक काढला, त्याला बीडीएनएफ म्हणतात. 1990 मध्ये न्यूरोट्रोफिन-3 सापडले, 1993 मध्ये जीडीएनएफ. वेदना आणि ऊन-गार कळवणाऱ्या बारीक नसा गर्भात एनजीएफवर जगतात. स्नायू किती ताणला, गुडघा किती वाकला हे कळवणाऱ्या जाड नसा न्यूरोट्रोफिन-3 वर. जन्मानंतर बारीक नसांतला एक मोठा गट एनजीएफ सोडून जीडीएनएफच्या घरी जेवायला जातो. 1994 मध्ये जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि हे सगळे डोळ्यांनी दिसले. एनजीएफ नसलेल्या पिलांना वेदना कळत नव्हत्या. न्यूरोट्रोफिन-3 चा ग्राहक नसलेल्या पिलांचे पाय विचित्र वळलेले होते, कारण आपला पाय कुठे आहे हे त्यांना माहीतच नव्हते.

माणसातही निसर्गाने हा प्रयोग करून ठेवला आहे. काही मुले जन्मापासून वेदनेला बधिर असतात, त्यांना घामही येत नाही. दात आले की ती जीभ आणि ओठ चावून टाकतात, बोटांची टोके झडवतात, मोडलेल्या पायावर धावतात. 1996 मध्ये जपानच्या यासुहिरो इंदो यांच्या गटाने दाखवले की या मुलांत ट्रक-ए चे जनुक बिघडलेले असते. कातडी अन्न बनवत असते, पण पकडणारा हात नाही. म्हणून वेदनेच्या नसा गर्भातच मरून गेलेल्या असतात. 2004 मध्ये उत्तर स्वीडनमधल्या एका कुटुंबात खुद्द एनजीएफच्या जनुकातला दोष सापडला. तिथल्या माणसांचे सांधे लहान वयातच झिजून जातात, कारण दुखत नसल्यामुळे ती सांध्याला विश्रांतीच देत नाहीत. लंगडता न येण्याची किंमत या कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या मोजली आहे.

इथवर गोष्ट सोपी वाटते. अन्न द्या, नस जगेल. मग आबांच्या पायाला एनजीएफ टोचून भागणार नाही का?

याच वळणावर शास्त्राला सर्वात मोठा धडा मिळाला. 1988 मध्ये रोनाल्ड लिंडसे यांनी दाखवले की प्रौढ उंदराच्या संवेदी पेशी काचेत एनजीएफशिवायही जगतात. वाढलेल्या नसेला ते जगण्यापुरते लागत नाही. मग प्रौढ शरीरात एनजीएफ करते काय? नव्वदच्या दशकात उत्तर आले की ते नस किती हळवी असावी हे ठरवते. कापले, भाजले, सुजले की कातडी जास्त एनजीएफ बनवते. त्याने नसेच्या टोकावरची दारे वाढतात आणि उष्णता ओळखणारा ग्राहक लवकर चेतू लागतो. परवाच्या जखमेला कपडा नुसता घासला तरी ठणका उठतो, त्यात एनजीएफचा मोठा हात असतो. गर्भातले अन्न प्रौढपणी आवाजाचे बटण झाले, असे म्हणता येईल. म्हणजे एकच प्रथिन, पण शरीराच्या वयाप्रमाणे त्याचे काम बदलते. या प्रश्नावरच्या साऱ्या औषधांचे यशापयश याच ठिकाणी ठरले.

मधुमेहात पायाच्या कातडीतले एनजीएफ कमी होते, असे 1996 मध्ये प्रवीण आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्याआधीच प्रयोगशाळेत बनवलेले एनजीएफ माणसांना टोचून पाहायला सुरुवात झाली होती. टोचलेल्या जागी कातडी दुखायची आणि स्नायू भरून यायचे. अर्थात दुखणारच, आवाजाचे बटण वर केलेले. म्हणून मात्रा कमी ठेवावी लागली. 1998 च्या 250 रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला. मग 1019 रुग्णांची, 48 आठवड्यांची मोठी चाचणी झाली आणि 2000 मध्ये निकाल आला की काहीच फायदा नाही. मात्रा अपुरी, औषधाच्या घडणीत मधे झालेला बदल, उशिराच्या टप्प्यातले रुग्ण, चुकीच्या मोजपट्ट्या अशी बरीच कारणे दिली गेली. त्यातली सगळी थोडी थोडी खरी असतील. मला मात्र वाटते की मुळात एक घटक बाहेरून सुईने सर्वांगात सोडणे आणि कातडीने आपल्या जागी, आपल्या मापाने, थेंब थेंब देणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते त्या काळी कमी लेखले गेले.

उलट बाजूनेही प्रयत्न झाला. एनजीएफ वेदना वाढवते, तर ते अडवा. गुडघेदुखीसाठी टॅनेझुमॅब नावाचे प्रतिपिंड तयार झाले. वेदना खरोखर कमी झाल्या. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने उद्ध्वस्त झाले. 2010 मध्ये अमेरिकेत चाचण्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2021 मध्ये तिथल्या सल्लागार समितीने 19 विरुद्ध 1 मतांनी ते नाकारले. सांधा का झिजला, याचा एक तर्क आपल्याला ओळखीचा आहे. न दुखणाऱ्या गुडघ्यावर माणूस नको तितका भार टाकतो. स्वीडनमधले ते कुटुंब आठवावे.

यश आले ते डोळ्यात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, हा शरीरातला नसांनी सर्वात दाट विणलेला भाग. तिथल्या नसा मेल्या की पापणी मिटायची आठवण होत नाही, जखम भरत नाही आणि पडदा विरत जातो. रोमच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये उंदराचे एनजीएफ थेंबांच्या रूपात अशा डोळ्यांत घालून जखमा भरून आल्याचे दाखवले. त्यातून सेनेगर्मिन हे औषध उभे राहिले. युरोपात 2017 मध्ये आणि अमेरिकेत 2018 मध्ये त्याला परवानगी मिळाली. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. रीटा तेव्हा हयात नव्हती. 2012 च्या डिसेंबरात, 103 व्या वर्षी ती गेली होती. डोळ्यात ते का जमले? कारण तिथे थेंब नेमक्या जागी टाकता येतो, जणू कातडीच देते आहे. औषधाची किंमत मात्र अशी आहे की मोतीबिंदूच्या शिबिरासाठी एसटीने महाडला येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत ते आज तरी पोचत नाही.

बधिर पायाचे या मुलखातले जुने नाव मधुमेह नव्हे. ते कुष्ठरोग आहे. राज्यातल्या ज्या जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही तुलनेने जास्त सापडतात, त्यांत रायगडचे नाव असते. पनवेलजवळ नेऱ्याचे शांतिवन या रुग्णांसाठीच उभे राहिले. आशाताई गावातून फिरताना अंगावरच्या फिकट चट्ट्याबद्दल विचारतात, तेव्हा त्यांच्या प्रश्नातला मुख्य शब्द ‘सुन्न’ हा असतो. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून चट्टा लपून राहतो. तपासणीही साधी असते. डोळे मिटायचे, कापसाचे टोक लावले की त्या जागी बोट ठेवायचे. एका नळीत गरम आणि एकीत गार पाणी घेऊन कोणते कोणते विचारायचे. ऊन-गार आणि वेदना आधी जातात, दाबाचा स्पर्श नंतर, म्हणजे एनजीएफवर वाढलेल्या बारीक नसांचा नंबर पहिला लागतो.

हात-पाय झडणे म्हणजे मांस सडणे, ही समजूत पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला चाळीस-पन्नासच्या दशकात मोडून काढली. मांस निरोगी असते. बधिर हाताने माणूस तापलेले भांडे उचलतो, बधिर पायाने खिळ्यावर चालतो, रात्री उंदीर बोट कुरतडतो आणि झोप मोडत नाही. रुग्णांना घरी जाताना मांजर द्यायची त्यांची रीत होती. कुष्ठरोगाचा जंतू नसेभोवतीच्या ‘श्वान’ (Schwann) पेशींत घर करतो आणि थंड भाग त्याला मानवतो, म्हणून कान, बोटे, तळवे आधी. 1994 मध्ये आनंद यांनी मुंबईतल्या संशोधकांबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की कुष्ठरुग्णांत एनजीएफ घटलेले असते. नसेला जंतू मारतो, की त्याबरोबर कातडीही अन्न बंद करते? आधी काय, नंतर काय? हा प्रश्न पुरता सुटलेला नाही आणि तो सुटावा असे मला मनापासून वाटते. बहुविध औषधांनी जंतू मरतो, स्टिरॉइडने सुजलेल्या नसेचा काही भाग वाचवता येतो, पण मेलेल्या नसेला परत बोलावणारे काहीच अजून रुग्णाच्या हाती नाही.

नवी आशा त्या स्वीडिश कुटुंबाकडूनच येते आहे. त्यांच्या एनजीएफमध्ये शंभराव्या क्रमांकाचे एक अमिनो आम्ल बदललेले आहे. इटलीतल्या संशोधकांनी नेमकी ती जागा बदलून असे एनजीएफ घडवले की पेशीला पोसण्याचे काम बरेचसे राहते आणि दुखवण्याचे कमी होते. प्राण्यांत ते चालते. माणसांत कुठवर जाईल हे येत्या वर्षांत कळेल. कातडीचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातल्या नसा मोजण्याची पद्धत आता रुळली आहे, त्यामुळे नस वाढली की नाही हे निदान डोळ्यांनी मोजता येते. 2000 च्या चाचणीला हा आधार पुरेसा नव्हता.

तोवर पोलादपूरच्या बाकावर काय? तिथे अनेकजण ‘नसांच्या ताकदीचं इंजेक्शन’ मागतात. ते एनजीएफ नव्हे. बहुतेकदा ते बी-12 असते. ज्याला बी-12 कमी आहे, त्याला त्याचा खरा उपयोग होतो. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी पडू शकते, म्हणून तपासून घ्यावे. ज्याला कमी नाही, त्याची मेलेली नस त्या लाल इंजेक्शनने जागी होत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगणारे डॉक्टर मला फार आवडतात. तोवर हातात आहे ते एवढेच: साखर ताब्यात ठेवणे, रोज रात्री तळवा हाताने आणि डोळ्यांनी तपासणे, लावणीच्या चिखलातून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, चप्पल घालण्याआधी झटकणे. विंचवाच्या भीतीने इथली माणसे चप्पल झटकतातच. तीच सवय खड्यासाठीही कामाला येते.

आबांचा काटा निघाला. पू धुतला, पट्टी बांधली. मग डॉक्टरांनी नायलॉनचा जाडसर तंतू काढला. तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब बसतो. ‘डोळे मिटा, जिथे लागेल तिथे हो म्हणा.’ उजवा अंगठा, काही नाही. उजवी टाच, काही नाही. डावा अंगठा, काही नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. डाव्या टाचेवर, आतल्या बाजूला, तंतू वाकला आणि आबा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, ‘हां. हितं. हितं लागलं.’

डॉक्टरांनी त्या जागी निळ्या पेनाने गोल काढला.